पुढचे शॉकअप आणि कोनसेट घरी उघडावेत का?

लांबपल्ला:

नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात घोळणारा विषय मांडतोय.

माझ्या १५० सीसी गाडीचा डावा शॉकअप गळतो आहे. पाईपवर तेलाची ओली कडी दिसते, फडक्याने पुसली तरी एखाद्या फेरीनंतर पुन्हा हजर. शिवाय पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या खालून 'टक्' असा आवाज येतो. हळू चालवताना गाडी सरळ राहत नाही, हँडल सतत बारीक बारीक सावरावं लागतं. उभ्या गाडीत हँडल फिरवलं तर बरोबर मधोमध ते किंचित अडकतं आणि मग पुढे सरकतं.

शॉकअप (म्हणजे पुढचा फोर्क) साधे टेलिस्कोपिक, नळीत सरकणाऱ्या पाईपचे, पुढे डिस्क ब्रेक. माझ्याकडे रिंग पाने, सॉकेट सेट, एलन की आणि टॉर्क रेंच आहे. ब्रेक पॅड, चेन, क्लच केबल ही कामं मी स्वतः करतो.

माझं मत असं की गाडीचं पुढचं टोक कसं काम करतं हे चालवणाऱ्याने एकदा तरी स्वतः उघडून पाहावं. जोरात ब्रेक मारला की गाडीचं बहुतेक सगळं वजन त्या दोन पाईपांवर आणि छर्र्यांच्या दोन कड्यांवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटवर येतं. तर विचारायचं हे, की ही दोन्ही कामं घरी आणि एकत्रच करावीत का? आणि छर्रे काढून रोलर बेअरिंग बसवण्यात खरंच फायदा आहे का?

रिंगपाना:

पाना हातात घेण्याआधी निदान पक्कं करा. ब्रेक मारल्यावर येणारा 'टक्' तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. चाकासमोर बसून दोन्ही शॉकअपची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ढकला-ओढा. त्याच वेळी कुणाला तरी खालचा टी (दोन्ही शॉकअप धरणारा आडवा भाग) आणि चेसिसची नळी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवायला सांगा. बोटाला हालचाल कळली तर कोनसेट ढिला आहे. तिथे काही नाही पण पाईप बॉटममध्ये (शॉकअपच्या खालच्या जाड नळीत) डुलतोय, तर बुश (पाईपला टेकू देणारी आतली कडी) किंवा खुद्द बॉटम झिजलं आहे. दोन्हीकडे शांतता असेल तर चाक जमिनीवर टेकवून ब्रेक धरा आणि गाडी पुढे रेटा. कॅलिपरमधले पॅड आपल्या जागेत थोडे सरकतात, त्याचाही असाच आवाज येतो आणि बऱ्याचदा तो निरुपद्रवी असतो.

मधोमध अडकणं ही मात्र कोनसेटचीच खूण. फक्त बघताना केबल आणि वायरिंग हँडलला ओढत नाहीत ना, एवढं तपासा. आणि कुणी "नट आवळून देतो, जाईल" म्हणालं तर आवळू देऊ नका. खड्डे पडलेल्या कोनसेटला आवळलं की अडकणं वाढतं.

निवांत:

वाचनखूण साठवली. माझ्या गाडीलाही असाच आवाज आहे, बोट ठेवून बघतो.

सावधपाऊल:

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग नसावा. इंजिन बंद पडलं तर आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. पुढच्या चाकाचं काही सुटलं तर आपण रस्त्यावर पडतो. हा फरक फार मोठा आहे. चेन बदलणं आणि स्टीअरिंग उघडणं ही एका पंगतीतली कामं नाहीत.

सील (तेल अडवणारी रबरी कडी) बसवायचा ड्रिफ्ट, कोन (कोनसेटची आतली कडी) काढायचा पुलर, कप (बाहेरची कडी) दाबायचं साधन, सी-पाना, एवढं सगळं एका कामासाठी घेण्यापेक्षा ज्याच्याकडे ते आहे आणि जो रोज हे करतो त्याच्याकडे द्यावं. समोर उभं राहून बघावं, प्रश्न विचारावेत. तेवढ्यानेही शिकायला मिळतं.

तेलकट_बाही:

@सावधपाऊल, तुमचा पहिला परिच्छेद शंभर टक्के मान्य. त्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र मान्य नाही.

या कामात अवघड असं काही नाही, वेळखाऊ मात्र भरपूर आहे. तेलाची पातळी मिलिमीटरमध्ये मोजायची, दोन्ही पायांत सारखी ठेवायची, कोनसेट आवळून पुन्हा ढिला करून पुन्हा तपासायचा. घाई असलेल्या ठिकाणी नेमकं हेच वगळलं जातं. दुसरीकडून काम करून आलेले शॉकअप मी उघडले आहेत, त्यांत दोन पायांतल्या तेलाच्या पातळीत बोटभर फरक सापडलेला आहे. गाडी चालते, म्हणून कुणाला कळत नाही. घरी बसून काम करणाऱ्याला घाई नसते, हे त्याचं सगळ्यात चांगलं अवजार.

एक अट मात्र मीही घालतो. आपल्याच गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी हवं. टॉर्कचे आणि तेलाचे आकडे फोरमवरून घ्यायचे नाहीत, माझ्याकडूनही नाही.

मुक्ता_म:

लांबपल्ला, सील बदलण्याआधी एक सोपा उपाय करून बघा. बऱ्याच वेळा सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठाखाली वाळूचा कण किंवा सुकलेला चिखल अडकलेला असतो आणि तेवढ्या फटीतून तेल झिरपतं.

वरचं डस्ट सील पातळ स्क्रू ड्रायव्हरने, पाईपला ओरखडा न पाडता, हळूच उचकटून वर सरकवा. आत कचरा दिसेल तो पुसून घ्या. मग जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी किंवा तसंच पातळ लवचिक प्लास्टिक घ्या, टोकाला आकड्यासारखी खाच कापा, ते सील आणि पाईप यांच्या मध्ये घालून पाईपभोवती गोल फिरवा आणि बाहेर ओढा. मळ त्या खाचेत येतो. दोन-तीनदा करा, पाईप स्वच्छ पुसा, शॉकअप दाबून बघा. गळती थांबली तर मोठं काम वाचलं.

थांबली नाही तर पाईपवर नखाची कड उभी-आडवी फिरवून बघा. नख अडलं तिथे गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे. तो तसाच ठेवून कितीही नवी सील घाला, प्रत्येक सील तिथेच कापलं जाणार.

लांबपल्ला:

सगळ्यांचे आभार. बोट ठेवून पाहिलं, हालचाल कळते, म्हणजे कोनसेट नक्की. मुक्ताताई, प्लास्टिकची पट्टी फिरवली, काळा मळ बराच निघाला आणि गळती कमी झाली, पण थांबली नाही. नख फिरवल्यावर डाव्या पाईपवर दोन ठिकाणी अडतं. एक वरच्या टीच्या अगदी खाली, दुसरं सीलच्या वर साधारण चार बोटांवर.

रिंगपाना:

पहिल्या खड्ड्याची काळजी नको, सील तिथपर्यंत कधीच पोहोचत नाही. गंज पसरू नये म्हणून साफ करून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ हात द्या.

दुसरा खड्डा सीलच्या वाटेवर आहे. खड्ड्याच्या काठावर उठलेली धार बारीक तेल-दगडाने किंवा २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने बसवा. घासायचं ते पाईपभोवती आडवं. उभे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायला तयार पन्हाळ. खड्डा खोल असेल तर आतला गंज टोकदार सुईने काढून, सॉल्व्हंटने धुऊन, दोन घटकांचं इपॉक्सी भरा आणि वाळल्यावर पाईपच्या पातळीत घासून घ्या. बारीक एक-दोन खड्ड्यांना हे टिकतं. क्रोमचे पापुद्रे सुटत असतील तर मात्र पाईप बदला किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून घ्या.

तेलकट_बाही:

आता उघडायची वेळ आली आहे तर क्रम लिहितो, कारण या कामात क्रम चुकला की हातघाई होते.

चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट सैल करा. वरच्या टीचे पकड-बोल्ट ढिले करून शॉकअपची वरची टोपी पाव आटा फिरवून ठेवा. शॉकअप बाहेर काढल्यावर ती टोपी सोडवायला गेलात तर पाईप हातात गरगर फिरतो. टोपी पूर्ण काढताना मात्र चेहरा बाजूला आणि डोळ्यांना चष्मा. खाली दाबलेली स्प्रिंग असते, शेवटचा आटा सुटला की टोपी उडते. वरून तळहाताने दाब देत फिरवायची.

बॉटमच्या खाली, एक्सलच्या जागेजवळ, आत खोल एक एलन बोल्ट असतो. आतली डॅम्पर रॉड त्याने धरलेली असते. स्प्रिंग आणि टोपी जागेवर असतानाच तो सैल करा. स्प्रिंगचा दाब रॉडला धरून ठेवतो, म्हणून बोल्ट सुटतो. आधी स्प्रिंग काढलीत तर रॉड बोल्टसोबत फिरत राहील.

कॅलिपर काढला की तारेने बांधून टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, आणि तो बाहेर असताना चुकूनही लिव्हर दाबू नका. एबीएस असेल तर सेन्सरची वायर आधी मोकळी करा.

मग टोपी, स्पेसर, स्प्रिंग काढायची. स्प्रिंगची दाट वेटोळ्यांची बाजू वर होती की खाली याचा फोटो घ्या, कारण हे गाडीनुसार बदलतं. तेल ओतून घ्या, पाईप वर-खाली करून उरलेलं काढा. डस्ट सील, त्याखालची तारेची सर्कलिप आणि खालचा बोल्ट काढा, पाईप बाहेर येतो. मोठ्या गाड्यांत बुश असतात, तिथे पाईप झटके देऊन ओढावा लागतो आणि सील व बुश सोबत बाहेर पडतात. लहान गाड्यांत बऱ्याचदा वेगळे बुश नसतात, पाईप थेट ॲल्युमिनियमच्या बॉटममध्ये चालतो. पाईप सहज निघतो, पण सील बॉटममध्येच राहतं. ते उचकटताना बॉटमच्या काठावर लाकडाची चिपळी ठेवा. तिथे पडलेला ओरखडा नव्या सीलच्या बाहेरून तेल सोडतो.

एका वेळी एकच पाय उघडा. दुसरा जोडलेला असला की क्रम विसरला तरी उत्तर समोर असतं.

पुस्तकी_नव्हे:

खालचा एलन बोल्ट फिरतच राहिला तर? माझ्या मित्राच्या गाडीला नेमकं हे झालंय, शॉकअप अर्धा उघडून पडला आहे.

मुक्ता_म:

स्प्रिंग आणि टोपी परत बसवा, शॉकअप उलटा करून जमिनीवर टेकवा, सोबत्याला तो जोरात दाबून धरायला सांगा आणि बोल्टला झटक्यात फिरवा. इम्पॅक्ट रेंच असेल तर दोन सेकंदांचं काम.

चक्रधर_७:

इम्पॅक्ट नसेल तर लाकडी दांडा. झाडूच्या दांड्याचं टोक निमुळतं तासून पाईपमधून आत घाला आणि हातोडीने हलकं ठोका, तो रॉडच्या डोक्यात घट्ट बसतो. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने बोल्ट सोडायचा. रॉडच्या डोक्याला षट्कोनी खाच असेल तर त्या मापाचा बोल्ट लांब टी-हँडलवर लावून धरता येतो.

पुस्तकी_नव्हे:

दांड्याने सुटला! दोघांचेही मनापासून आभार.

लांबपल्ला:

तेलाबद्दल कुणी सांगेल का? मॅन्युअल १० डब्ल्यू म्हणतं. काही जण १५ घाल म्हणतात, ब्रेक मारल्यावर गाडी पुढे डुबकी कमी मारेल म्हणून.

मोजमाप:

हा माझा आवडीचा भाग आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी डब्ल्यूच्या आकड्याबद्दल. फोर्क ऑइलच्या बाबतीत तो फारसा विश्वासाचा नाही. एका कंपनीचं १० डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १५ डब्ल्यूइतकं दाट असू शकतं. तुलना करायची तर बाटलीच्या माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये दिलेली विस्कॉसिटी बघा, आणि एकदा जमलेलं तेल शक्यतो बदलू नका.

दुसरं म्हणजे, दाट तेल डुबकीचा वेग कमी करतं. सतत ब्रेक धरून ठेवला तर शॉकअप शेवटी किती दबेल हे स्प्रिंग आणि आतली हवा ठरवतात, तेलाचा दाटपणा नव्हे. उलट साध्या डॅम्पर रॉडच्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक भोकांमधून जातं. तेल फार दाट झालं तर तीव्र खड्ड्यात ते वेळेवर पुढे सरकत नाही, चाक वर उचलायच्या ऐवजी धक्का थेट मनगटात येतो.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, पातळी. तेलाच्या वर जी हवा उरते तीही एक स्प्रिंगच आहे. समजा स्प्रिंग काढून, पाईप पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंत १४० मिमी अंतर आहे आणि शॉकअपची चाल (पूर्ण दबायचं अंतर) १२० मिमी आहे. पाईपच्या भिंतीची जाडी आणि स्प्रिंगने व्यापलेली जागा सोडून ढोबळ हिशेब केला तर पूर्ण उघड्या अवस्थेत हवेचा स्तंभ २६० मिमी, पूर्ण दाबल्यावर १४०. म्हणजे आतला दाब सुमारे १.८६ पट. आता तेल फक्त २० मिमी वर आणा. स्तंभ २४० चा १२० होतो, दाब बरोबर दुप्पट. चालीच्या सुरुवातीला फरक जाणवणार नाही, शेवटच्या टप्प्यात शॉकअप कडक होईल. म्हणून तळाशी आपटणाऱ्या शॉकअपसाठी तेल पाच-दहा मिमी वर घेतात. फार वर घेतलं तर दाब सीललाच बाहेर ढकलतो.

यावरून कळेल की "प्रत्येक पायात इतके मिली ओता" हे का पुरत नाही. आत जुनं तेल किती उरलं यावर ते अवलंबून असतं. पातळी मोजा.

गिरीभ्रमंती:

@मोजमाप, अफाट प्रतिसाद. हवेचं हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. पातळी मोजायची कशी, पट्टी तेलात बुडवून नीट कळत नाही ना?

मोजमाप:

मोठी सिरिंज घ्या, तिला पातळ कडक नळी जोडा. नळीच्या टोकापासून हव्या त्या अंतरावर, धरा १४० मिमी, आडवी पट्टी किंवा वायसर पक्का करा. तेल थोडं जास्त भरा. पाईप हळूहळू वर-खाली करा, सगळ्या चालीभर विरोध सारखा लागेपर्यंत, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. थोडा वेळ उभं ठेवून बुडबुडे निवू द्या. मग पाईप पूर्ण दाबून, शॉकअप अगदी उभा धरून, वायसर पाईपच्या काठावर टेकवा आणि सिरिंज ओढा. नळीचं टोक उघडं पडलं की ओढणं आपोआप थांबतं. दोन्ही पायांत पातळी तंतोतंत तीच.

तेलकट_बाही:

मोजमाप यांना जोडून सील बसवण्याचं. पाईपच्या वरच्या कडेवर आणि खाचांवर पातळ प्लास्टिकची पिशवी घट्ट ओढून गुंडाळा, तिला शॉकअपचं तेल लावा आणि त्यावरून सील सरकवा. पिशवी नसेल तर कडेची धार सीलचा ओठ कापते आणि नवं सील पहिल्या दिवशीच गळतं. सीलच्या ओठावरची बारीक गोल स्प्रिंग तेलाच्या बाजूला, अक्षरं बाहेरच्या बाजूला. ठोकायला योग्य व्यासाचा प्लास्टिकचा पाईप उत्तम, मध्ये जुनं सील ठेवायचं. सर्कलिपची खाच पूर्ण उघडी दिसली की सील बसलं. खालच्या बोल्टला नवा तांब्याचा वायसर आणि थ्रेडलॉक.

आणि निघालेलं तेल गटारात किंवा मातीत नको. डब्यात साठवून इंजिन ऑइलसोबत जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

मीरा_चाके:

अवांतर: टेलिस्कोपिक फोर्क ही तशी जुनी गोष्ट. तेलाने दमन होणारा फोर्क उत्पादनातल्या मोटरसायकलवर बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ आणि आर १७ वर आणला. आज उघडून बघता त्यात तत्त्व तेच आहे, तेल बारीक भोकातून ढकलायचं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत घालवायची. इतकं साधं यंत्र इतकी वर्षं टिकलं, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

निवांत:

मीराताई, अवांतर नाही, छान माहिती. आता कोनसेटवर कुणीतरी लिहा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

चक्रधर_७:

लिहितो. लांबपल्ला यांचे शॉकअप बाहेर आलेच आहेत, म्हणजे कोनसेटचं निम्मं काम झालं. मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, दोन्ही कामं एकत्रच करावीत.

आधी खाच मधोमधच का पडते ते सांगतो. इतर बेअरिंग गोल गोल फिरतात, त्यामुळे ग्रीस पसरत राहतं. स्टीअरिंगचं बेअरिंग आयुष्याचा बहुतेक काळ सरळ दिशेला, जवळजवळ एकाच जागी उभं असतं. रस्त्याची थरथर छर्र्यांना त्या जागेवर सूक्ष्म हलवत राहते, मधलं ग्रीस बाजूला सारलं जातं, धातू धातूला घासतो आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली एक खळगा होतो. उंबरठा मधोमधच झिजतो तसं. त्यात कोनसेट ढिला असेल तर प्रत्येक ब्रेकला छर्रे त्याच जागी आपटतात. खालचा कप वरच्यापेक्षा आधी जातो, भार आणि चाकाचं पाणी दोन्ही त्याच्याच वाट्याला येतं.

काढताना गाडीखाली जुनी चादर अंथरा. पिंजरा नसलेले सुटे छर्रे असतील तर टी खाली येताच ते सांडतात. वरचे किती, खालचे किती, माप सारखं की वेगळं, हे दोन वेगळ्या डब्यांत ठेवून मोजा. नवे बसवताना कपात ग्रीस भरून त्यात छर्रे चिकटवायचे. शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा कमी जागा उरते ती तशीच हवी, तिथे जास्तीचा छर्रा कोंबायचा नाही.

बदलायचं तर सगळं बदला, दोन्ही कप, दोन्ही कोन आणि सगळे छर्रे. खळगे पडलेल्या कपात नवे छर्रे घालणं म्हणजे मेहनत वाया. जुने कप चेसिसच्या नळीतून विरुद्ध बाजूने लांब लोखंडी दांड्याने काढायचे, एक ठोका इथे, एक समोर, म्हणजे ते तिरके अडकत नाहीत. कड धरायला जागाच नसेल तर वेल्डरकडून कपाच्या आतल्या पृष्ठावर वेल्डचा एक वेढा मारून घ्या. गार होताना कप आकसतो आणि जवळजवळ हाताने निघतो. बॅटरीची जोडणी आधी काढा. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले की बसवायला सोपे जातात. ठोकायला जुना कपच वापरा, त्याला ग्राइंडरने एक उभी चीर पाडून, म्हणजे तो आत अडकून बसत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द वाजायचा थांबून टणक वाजतो.

ग्रीस पाण्याला दाद न देणारं घ्या, आणि जुनं पूर्ण पुसून मगच नवं भरा. सगळी ग्रीसं एकमेकांत मिसळत नाहीत, काहींचं मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. जोरदार फवाऱ्याने गाडी धुताना नोझल हँडलच्या सांध्यावर धरू नका.

सुनीता_रा:

छर्रे सांडण्यावरून आठवलं, आमच्याकडे ते शोधायचं काम भाचीकडे. तिला चुंबक दिलं की कपाटाखालचेही सापडतात. तिला आता कोनसेट उघडायचाच दिवस हवा असतो.

रिंगपाना:

रोलरबद्दल माझं मत. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतलं, घोडागाडीच्या चाकांसाठी, जिथे भार वरून आणि बाजूने दोन्हीकडून येतो. स्टीअरिंगला नेमका तसाच भार असतो. छर्रा कपाला बिंदूत टेकतो, रोलर रेषेत टेकतो. भार जास्त जागेवर पसरला की खळगे उशिरा पडतात. जड गाडीला, खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी रोलरच बसवेन.

चक्रधर_७:

@रिंगपाना, जड गाडीबाबत सहमत, १५० सीसीबाबत नाही. रोलरमध्ये घर्षण जास्त, हलक्या गाडीचं हँडल किंचित जड लागतं. शिवाय रोलरच्या संचाची उंची छर्र्यांच्या संचाएवढी नसते, वायसर घालून ती जमवावी लागते. नाहीतर वरचा टी बसत नाही, लॉक-नटला आटे कमी पडतात किंवा हँडल लॉक लागत नाही. आणि कप किंचितही तिरका बसला तर रोलर एका कडेवर चालतो, छर्रे तेवढं खपवून घेतात. चांगल्या प्रतीचा छर्र्यांचा संच, भरपूर ग्रीस आणि योग्य ताण यांवर हलकी गाडी वर्षानुवर्षं चालते.

रिंगपाना:

उंचीचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. बाकी मी रोलरच्याच बाजूने.

सावधपाऊल:

इतकं वाचल्यावर माझा विरोध बराच ओसरला आहे, पण एक प्रश्न उरतो. ताण किती, हे घरी कसं ठरवायचं? जास्त आवळलं तर काय आणि कमी राहिलं तर काय?

चक्रधर_७:

सगळ्यात नेमका प्रश्न. कमी राहिलं तर ब्रेकला 'टक्', वेगात हँडल थरथरणं. जास्त आवळलं तर हळू वेगात गाडी नागमोडी जाते. दुचाकी सरळ राहते ती हँडलच्या सूक्ष्म हालचालींमुळे, त्याच जखडल्या जातात.

कप नीट बसावेत म्हणून आधी मॅन्युअलमधल्या जास्तीच्या टॉर्कला आवळा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवा, नट मोकळा करा, मग शेवटच्या हलक्या टॉर्कला आणा. परीक्षा अशी: चाक अधांतरी, हँडल मधोमध. एका बोटाने किंचित ढकललं की ते स्वतःच्या वजनाने एकाच गतीने टोकापर्यंत पडलं पाहिजे, मध्ये अडखळता कामा नये. आणि शॉकअप पुढे-मागे ओढल्यावर बोटाला काहीही कळता कामा नये. या दोन गोष्टी एकत्र जमतात तो बिंदू आपला.

एक गोष्ट नेहमी निसटते. वरचा मोठा नट आवळला की आतला ताण पुन्हा बदलतो. तो आवळताना वरच्या टीचे पकड-बोल्ट सैल ठेवा, म्हणजे टी खाली बसू शकतो, आणि त्यानंतर दोन्ही परीक्षा पुन्हा करा. बदलला असेल तर परत सगळं ढिलं करून पुन्हा. इथे कंटाळायचं नाही.

सावधपाऊल:

धन्यवाद. बोटाने ढकलून पाहायची परीक्षा माझ्या गाडीवर आजच करतो. लांबपल्ला, माझ्याकडून एक भर: गळलेलं तेल डिस्कवर किंवा पॅडवर गेलं आहे का ते बघा. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते, तेल प्यालेले पॅड मात्र बदलावेच लागतात. घासून, तापवून त्यांचा भरवसा धरू नका.

निखिल_२बी:

माझ्या गाडीला उलटे फोर्क आहेत, जाड नळी वर, पाईप खाली. हेच सगळं लागू पडतं का?

तेलकट_बाही:

कोनसेट आणि पातळी मोजायचं तत्त्व तेच. पण उलट्या फोर्कमध्ये बहुतेक वेळा कार्ट्रिज (आतला वेगळा बंद डॅम्पर) असतं, टोपी आतल्या रॉडला आट्यांनी जोडलेली असते. स्प्रिंग दाबून धरायचं साधन आणि रॉड धरायची पट्टी लागते, आणि कार्ट्रिजमधली हवा वेगळी काढावी लागते. ते पहिलं काम म्हणून करू नका. सील गळालं तर थांबूही नका, तिथे सील खाली असतं आणि तेल सरळ ब्रेककडे जातं.

लांबपल्ला:

मंडळी, काम झालं.

खालच्या कपात प्रत्येक छर्ऱ्याच्या जागी एक खळगा, नख ठेवलं की अडत होतं. वरचा कप बराच बरा होता. ग्रीस वाळून तपकिरी झालेलं. चक्रधरदादांचं ऐकून छर्र्यांचाच पूर्ण संच घातला. वरचा नट आवळल्यावर ताण खरंच बदलला, सगळं ढिलं करून पुन्हा जमवावं लागलं. शॉकअपमधलं तेल करडं आणि चकाकणारं निघालं. दोन्ही पायांना नवी सील, पाईपवरचा खड्डा इपॉक्सीने भरला, पातळी सिरिंजने जमवली. डाव्या बाजूचा एक पॅड तेलकट होता, जोडी बदलली.

ब्रेकला आवाज नाही, आणि हळू वेगात हँडल सावरायची गरजच पडत नाही. पाईप कोरडे आहेत. फक्त एक शंका. जोडल्यापासून शॉकअप दबताना किंचित अडकून दबतो, सील नवी आहेत म्हणून असेल का?

रिंगपाना:

अभिनंदन! सील नवी आहेत हे थोडं कारण असू शकतं, पण आधी एक्सल बघा. एक्सलचा नट आवळला, पण एक्सलचा पकड-बोल्ट आवळण्याआधी शॉकअप काही वेळा दाबून सोडला होता का? दोन्ही पाय एक्सलवर आपापल्या जागी सरकून समांतर झाले पाहिजेत. पकड-बोल्ट ढिला करा, पुढचा ब्रेक धरून हँडल खाली जोरात पाच-सहा वेळा दाबा, मग बोल्ट टॉर्कला आवळा. पाईपवर प्लास्टिकची बारीक पट्टी बांधून ठेवा, फेरीनंतर ती कुठवर सरकली यावरून चाल किती वापरली जाते ते कळेल.

लांबपल्ला:

केलं. पकड-बोल्ट ढिला करताच पाय बारीक 'कट्' आवाज करून बाजूला सरकला. आता एकसारखा दबतो. पट्टीही बांधली आहे.

चक्रधर_७:

मस्त. नवा कोनसेट पाचशे ते हजार किलोमीटरमध्ये थोडा बसतो. तेव्हा चाक उचलून दोन्ही परीक्षा पुन्हा करा, बहुधा नट किंचित आवळावा लागेल.